सिंगापूरला राहणारे मिस्त्री

मी आजवर ज्या माणसाचा सगळ्यात जास्त हेवा केला, तो दहावी नापास होता, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि माझा घरमालक होता. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, म्हणून आम्हीही मिस्त्रीच म्हणायचो. खाली पुढच्या बाजूला त्यांचं दुकान, मागच्या खोल्यांत ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या भाभी, आणि वरच्या मजल्यावर मी, माझी बायको आणि माझे वडील. गाव वाशिम-मालेगाव रस्त्यावरचं. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी कॉम्प्युटर शिकवतो. म्हणजे पदवी होती ती माझ्या नावापुढे. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवसांत गावात कुणाच्या ते लक्षात राहिलं नव्हतं.

मिस्त्रींच्या दुकानाच्या दाराशी एक काळा फळा टांगलेला असे. पूर्वी त्यावर 'नमाजले गेलो, बसा' एवढंच लिहिलेलं असायचं. मग एका वर्षी त्यावर देश यायला लागले. सकाळी शटर वर गेलं की मिस्त्री खडू घेऊन लिहीत, 'आज घर : सिंगापूर'. दुसऱ्या दिवशी 'आज घर : नेदरलँड'. शाळेत जाणारी पोरं, दूधवाले, तहसीलला निघालेली माणसं थांबून वाचायची आणि विचारायची, "मिस्त्री, आज कुठी?" मिस्त्री नाकावर एकावर एक चढवलेल्या दोन चष्म्यांतून पाहून सांगायचे, "जर्मनीत. थंडी हाय बाप्पा."

त्यांनी घरच्या वायफायवर व्हीपीएन घेतलं होतं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्हीपीएन लावलं की घरातून इंटरनेटवर जे काही जातं ते आधी एका बंद वाटेने त्या कंपनीच्या दूरच्या यंत्रावर जातं आणि तिथून पुढे जगात. त्यामुळे गावातल्या लाइन देणाऱ्याला आपण कुठे जातो ते दिसत नाही, आणि पलीकडच्या वेबसाइटला वाटतं की आपण त्या यंत्राच्या गावचेच. मला हे सांगायला इतकी वाक्यं लागली. मिस्त्री म्हणायचे, "घर इथंच, पन पत्ता तिकडचा." गिऱ्हाइकाला लगेच समजायचं.

ज्या देशाचं नाव फळ्यावर असेल तिथलं हवामान ते सकाळीच पाहून ठेवत. मे महिन्याच्या उन्हात सगळा रस्ता भाजून निघालेला असताना हे छत्री उघडून मशिदीकडे निघत. कुणी हसलं तर म्हणत, "आमच्याकडं पानी पडून राह्यलं." स्वतः ते अकोल्याच्या पलीकडे कधी गेलेले नव्हते.

त्यांच्या बाकीच्या सवयीही अशाच. दुरुस्त केलेला रेडिओ ते गिऱ्हाइकाच्या हातात तसा देत नसत. समोर बसवून, चहा पाजून, पूर्ण बातम्या ऐकवूनच देत. 'दुरुस्त झाला' असं कधी म्हणत नसत. म्हणत, "मानला." बिघडलेलं यंत्र त्यांच्या लेखी रुसलेलं असायचं. मी एकदा त्यांना सर्किटमधला दोष शास्त्रशुद्ध समजावून सांगितला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मग यंत्राकडे वळून म्हणाले, "ऐकलं का? सर काय म्हनून राह्यले?"

पण माझं दुखणं दुसरंच होतं. माझं दुखणं माझे वडील होते.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आमच्या घराण्यातला पहिला पगार त्यांचा. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या वावरात राबले, हे शिकले आणि मला त्यांनी शिकवलं. त्यांच्याबद्दल मला तक्रार करता येत नाही, एक सोडून. कौतुकासाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता, 'ठीक'. मला पहिला वर्ग मिळाला, ठीक. नोकरी लागली, ठीक. आणि हेच बाबा रोज दुपारी तीन वाजता वामकुक्षी आटोपून खाली उतरत, मिस्त्रींच्या दुकानातल्या लाकडी स्टुलावर बसत आणि संध्याकाळी वर आले की जेवताना सांगत, "मिस्त्रीले डोकं हाय."

इंटरनेटवर काहीही अडलं की बाबा मिस्त्रींना विचारत. घरात कॉम्प्युटर शिकवणारा मुलगा असताना! शेवटी मी एकदा न राहवून विचारलं, "बाबा, तुमी मले काहून इचारत नाही?"

घास संपवून ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "तू शिकवतं. तो सांगते."

मी माझं ताट उचललं.

खाली काय चालतं ते ऐकायला मी कधीकधी जिन्यात थांबायचो. हे लिहिताना लाज वाटते, पण थांबायचो. व्हीपीएन लावल्यावर शोध घेताना मधेच चित्रांचं कोडं यायचं, यंत्राला खात्री करून घ्यायची असते की आपण माणूस आहोत. सिग्नल असलेली चित्रं निवडा. मिस्त्री विचारत, "गुरुजी, हा खांब सिग्नलमंदी धराचा का?" बाबा विचार करून निकाल देत, "दिवा धरा, खांब सोडा." कोडं चुकायचं, पुन्हा नवं यायचं. "आपल्या गावात सिग्नलच नाही गुरुजी, आपल्याले काय ओयखू येते!" आणि मग दोघं हसायचे. माझ्या वडिलांना मोठ्याने हसता येतं हे मला वयाच्या चाळिशीत, जिन्यात उभं राहून कळलं.

बरं, हा माणूस व्हीपीएनचे गोडवे गाणाऱ्यांतलाही नव्हता. तसं असतं तर मला बरं झालं असतं, मी त्याला चूक ठरवलं असतं. कुणी म्हणालं, "मिस्त्री, मलेही बसवून द्या", तर ते आधी परावृत्तच करत. एक कापड दुकानदार आला होता. त्याला फसवणुकीचे फोन येत होते.

"व्हीपीएननं थांबतीन का?"

"नाही थांबत. चोराले तुमी सवताच ओटीपी सांगसान त व्हीपीएन काय करन? पडदा लावाचा अन् दार उघडं ठेवाचं, असं होते ते."

"मोबाइलवर फुकटचं भेटते म्हने."

"फुकट देनाऱ्याले पह्यले इचारा, बावा, तुहं पोट कशावर चालते?"

नेट हळू होतं का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "होईनच ना. इथून बाजूच्या अनसिंगले अकोल्यावरून गेले त टाइम लागन का नाही?" आणि बँकेचं काम निघालं की स्वतः व्हीपीएन बंद करत. "बँकेच्या दारात तोंड झाकून गेलं त शिपाई आत घेत नाही." मी वर्गात याच विषयावर दोन तास घेतले होते. तिसऱ्या बाकावरच्या दोघी झोपल्या होत्या.

मग मीही व्हीपीएन घेतलं. मिस्त्रींपेक्षा वरच्या दर्जाचं, जास्त देशांचं. वरच्या मजल्यावरच्या आमच्या स्वतंत्र राउटरवर बसवलं आणि चहाच्या वेळी बाबांना ऐकू जाईल असं बायकोला सांगितलं, "आता आपल्याकडेही आहे." बाबा म्हणाले, "ठीक."

पुढचा आठवडा काही विचारू नका. टीव्हीवर क्रिकेटचा सामना लावला तर 'हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही' अशी पाटी. बायकोच्या बँकेचं अॅप उघडेना. पुण्याहून बहिणीचा व्हिडिओ कॉल यायचा आणि तिचं तोंड अर्धं उघडं राहून थिजायचं. जाहिराती कुठल्या भाषेत यायच्या देव जाणे. त्यातच बाबांचा हयातीचा दाखला भरायचा होता, वर्षातून एकदा पेन्शनसाठी मोबाइलसमोर चेहरा धरून भरतात तो. सकाळपासून मी बाबांना खिडकीजवळ बसवून, टोपी काढून, उजेड पाडून प्रयत्न करत होतो. साइट उघडायलाच तयार नव्हती. माझं घर परदेशात आहे असं तिला दिसत होतं आणि ती परदेशी पत्त्याला दार उघडत नव्हती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी म्हणालो, "सर्व्हर डाउन आहे." कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाला काही सुचेनासं झालं की तो हेच म्हणतो. दुसऱ्या दिवशीही म्हणालो.

तिसऱ्या दिवशी बाबा फोन घेऊन खाली गेले आणि दहा मिनिटांत परत आले.

"झालं."

"काय केलं त्यानं?"

"वायफाय बंद केलं, मोबाइलच्या नेटवर भरलं." बाबा टोपी घालत म्हणाले, "मिस्त्री म्हने, सरांले माहीतच असन, कामाच्या घाईत राह्यले असतीन."

मिस्त्रींनी माझी टर उडवली असती तर मी सहन केलं असतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं, आणि तेही माझ्या बापासमोर.

त्यानंतर काही दिवसांनी स्टाफरूममध्ये त्या फळ्याचा विषय निघाला. कुणीतरी हसत म्हणालं, "सर, तुमचे घरमालक आज इंग्लंडात होते." सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "रोज देश बदलून लपवावं असं माणसाजवळ काय असतं, कोण जाणे."

एवढंच बोललो. पण मी कुणाबद्दल बोलतो आहे आणि हे वाक्य बाहेर कुठल्या कानांनी ऐकलं जाईल, ते मला बोलतानाच कळत होतं. मी ज्या वस्तीत वाढलो तिथे कुणाच्यातरी एका वाक्याने माणसाला काय भोगावं लागतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. माहीत असूनही बोललो. हसू थांबलं, एकाने मान डोलावली आणि तास झाल्याची घंटा वाजली.

दहाएक दिवसांनी दुपारी मी कॉलेजातून परतलो तर दुकानासमोर पोलिसांची जीप उभी होती.

एक फौजदार आणि एक हवालदार दुकानात उभे होते. मिस्त्री काउंटरमागे, दोन्ही चष्मे हातात. बाबा आपल्या स्टुलावर. रस्त्यापलीकडे माणसं जमायला लागली होती. फौजदार तरुण होता, बोलायला सभ्य होता.

"हे फळ्यावर काय लिहिता रोज?"

"मजाक हाय साहेब."

"सिंगापूरला कोण आहे तुमचं?"

"कोनी नाही. अकोल्याले लेक हाय."

"मग लपवायचं कशाला? कुणाशी बोलता?"

मिस्त्रींनी हातातले चष्मे काउंटरवर ठेवले. तेवढ्यात बाबांनी मला दारात पाहिलं. ते उभे राहिले आणि फौजदाराला म्हणाले, "साहेब, हा माहा मुलगा. कॉम्प्युटरचा प्राध्यापक हाय. याच्याएवढं या विषयातलं गावात कोनाले समजत नाही. याले इचारा."

हे वाक्य ऐकायला मी आयुष्यभर थांबलो होतो. ते त्या दिवशी, त्या जागी आलं.

फौजदाराने विचारलं, "सांगा सर. हे वापरणं गुन्हा आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "मोठमोठी ऑफिसं वापरतात. विकत मिळतं, कुणीही घेऊ शकतो. लाइन देणाऱ्यापासून वाट झाकली जाते, बस. माणूस गायब होत नाही. ज्या कंपनीकडून घेतलं तिच्याकडे यांचं नाव आहे. हे आपल्या खात्यात शिरले की त्या खात्यालाही कळतं कोण आलं. खरं लपायला हे फार कच्चं साधन आहे."

"अन् साहेब," बाबा म्हणाले, "ज्याले लपाचं हाय तो रोज सकाळी फळ्यावर लिहून ठेवते का?"

हवालदार हसला. फौजदारही थोडा सैल झाला, पण मिस्त्रींकडे वळून म्हणाला, "तरी कारण सांगा ना. घरात दोन माणसं. कशाला पाहिजे एवढं?"

मिस्त्रींनी आतल्या दाराकडे पाहिलं. दाराचा पडदा हलला. मग ते हळू आवाजात बोलले, आणि आम्ही तिघं-चौघं ऐकत राहिलो.

"दोन सालं झाली साहेब. माह्या बायकोच्या छातीत गाठ निंघाली. आमी कोनाले सांगतलं नव्हतं, लेकीलेही नाही. लेकीचा सातवा महिना चालू होता. म्हटलं, तपासन्या होऊ द्या, मंग सांगू. दोघं बसून कॉम्प्युटरवर वाचत होतो, कोनता दवाखाना, कोनते डॉक्टर. चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर आमची नेटची लाइन देनारा भेटला. आठ-दहा लोकं होते. तो म्हने, मिस्त्री, घरी कोनाले कॅन्सर हाय का, तुमच्या लायनीवर तेच तेच दिसून राह्यलं." त्यांनी काउंटरवरचा एक चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. "लेकीले आमी सांगाच्या आधी गावातून फोन गेला. माह्या बायकोचं दुखनं चौकात कायले, साहेब? त्या हप्त्यात मी हे घेतलं."

भाभींचं दुखणं गावाबरोबर आम्हालाही कळलं होतं, पण ते गावभर कसं झालं हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आता ती तिकडची कंपनी पाहत असन. मले माहीत हाय. भरोसा या लायनीवाल्यावरचा काढला अन् तिच्यावर ठेवला, एवढंच झालं. पन तिची अन् माह्या लेकीची ओयख नाही ना."

"मग हे देश?"

"बायकोची दवाई चालू होती. झोपून राहे. नेट हळू चाललं की इचारे, आज आपन कुठी हाओ? मी सांगो, आज सिंगापूर, पानी पडून राह्यलं. तिले हासू ये. मंग फळ्यावर लिहाची सवय पडली."

फौजदाराने डायरी मिटली. पडद्याच्या दिशेने पाहून विचारलं, "आता बऱ्या आहेत?"

"अल्लाचा शुक्र हाय."

तो जायला निघाला. जीपजवळ गेल्यावर सहज बोलावं तसं म्हणाला, "कॉलेजच्या बाजूने कुजबूज आली होती, म्हणून यावं लागलं. राग मानू नका." जीप गेली. समोरची गर्दी पांगली. मिस्त्री फडकं घेऊन आधीच स्वच्छ असलेला काउंटर पुसायला लागले. त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. बाबांनी पाहिलं.

आम्ही वर आलो. बाबा बराच वेळ गॅलरीत बसले. मी चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाले, "आज चांगलं बोलला तू." आणि थोड्या वेळाने, कपातल्या चहाकडे पाहत, "कॉलेजात कोन बोललं ते मी इचारत नाही. इचारलं त तू खरं सांगशीन. अन् मंग मले या मानसाच्या घरात राहता येनार नाही."

मी खाली माफी मागायला गेलो होतो. दोनदा गेलो. दोन्ही वेळा मिस्त्री म्हणाले, "बसा सर," आणि चहा मागवला. चहा पिऊन मी वर आलो. फळ्यावर पुन्हा देश लिहिले गेले नाहीत. लोकांनी विचारणंही सोडलं. माझा हेवा मात्र गेला नाही. उलट त्याला आता धड कारणही उरलं नव्हतं, आणि तरी तो होता.

पुढच्या वर्षी ते दोघं अकोल्याला लेकीकडे राहायला गेले. भाभींच्या तपासण्या तिथे होत्या, नातूही लहान होता. घर आमच्याकडेच राहिलं. बाबा तीन वाजता उठून गॅलरीत बसायचे आणि मिस्त्रींना फोन लावायचे. मी पेपर तपासत असलो की गॅलरीतून त्यांचं हसणं ऐकू यायचं.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मिस्त्रींचा फोन माझ्या मोबाइलवर आला. बाबा शेजारीच होते, म्हणून मी स्पीकर लावला.

"सर, जरा अडचन हाय. जावयाच्या घरी व्हीपीएन टाकलं. बँकेचं अॅप उघडून नाही राह्यलं. काय करू?"

मी म्हणालो, "सगळं बंद करायची गरज नाही मिस्त्री. त्याच्या सेटिंगमध्ये काही अॅप्स बाहेर ठेवता येतात. बँकेचं अॅप साध्या वाटेने जाईल, बाकीचं आतून."

"म्हंजे कसं? सावकाश सांगा."

मी सावकाश सांगितलं. त्यांनी विचारलं, सरकारी साइट परदेशी पत्ता काहून घेत नाही. तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, जवळचा देश निवडला तर वेग वाढन का. मी सांगत गेलो. वीसेक मिनिटं झाली असतील. बाबा मान पुढे काढून ऐकत होते. मधेच फोनमधून, जरा लांबून, भाभींचा आवाज आला, "अजी, ये सब तो तुमकोच आता ना. सर कू काहेकू पूछरे?"

"चूप," मिस्त्री दबक्या आवाजात म्हणाले. मग मोठ्याने, "आलं ध्यानात सर. लय उपकार झाले." आणि फोन ठेवला.

बाबांनीही ते ऐकलं होतं. मी फोन पालथा घातला आणि त्यांच्याकडे न पाहता पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला. एवढं मोठं मन माझ्या वाट्याला का आलं नाही, असा कधी नव्हे तेवढा हेवा त्या क्षणी मला वाटला.

बाबांनी खुर्ची माझ्या टेबलाजवळ सरकवली.

"हं," ते म्हणाले. "ते अॅप बाहेर ठेवाचं कसं म्हनत होता तू? मले दाखव."